सात दिवसांचा वळसा

१

आमच्या बेटाला वळसा घालायला गाडीने एक दिवस पुरतो. ओझेलियाला मात्र सात दिवस हवे होते.

"लिओ, एका दिवसात बघून जायला मी काय जहाजावरची पाहुणी आहे?" ती फोनवर म्हणाली. ओझेलिया माझी धाकटी बहीण. परदेशात, लेस्टरला राहते आणि चाळीस वर्षांत एकदाही आलेली नाही. आता तिचा डावा डोळा गेलाय आणि उजव्यात धूर भरत चाललाय. डॉक्टरने नाताळपर्यंतची मुदत दिली आहे. "सात दिवस, सहा मुक्काम. तेव्हा ठरवलं होतं अगदी तसं. दिसतंय तोवर एकदा सगळं बघून घेते."

'तेव्हा' हा शब्द मला आवडला नाही. पण आंधळी होत चाललेल्या बहिणीशी शब्दांवरून कोण भांडणार?

बेत आखणं हे माझं काम. चौतीस वर्षं मी मोजणी कचेरीत नकाशे काढले. बायको होती तेव्हा म्हणायची, हा माणूस स्वर्गात गेला तर आधी फाटकापासून सिंहासनापर्यंतचं अंतर मोजेल. मी मोठा कागद घेतला, पट्टीने रकाने आखले आणि वर लिहिलं: शनिवार ते शुक्रवार. घर माहो गावात, पश्चिम किनाऱ्यावर. तिथून उत्तरेकडे निघायचं आणि समुद्र डाव्या हाताला ठेवून गोल फिरायचं. पहिला मुक्काम पोर्ट्समथ, दुसरा कॅलिबिशी, तिसरा कालिनागो आदिवासींच्या वस्तीत, चौथा कासल ब्रूस, पाचवा ला प्लेन, सहावा ग्रँड बे. सातव्या दिवशी घर. त्याच्या दुसऱ्या दिवशी सर्व संतांचा सण, म्हणजे आईच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला दोघंही हजर.

सोमवारी सकाळी फोन करायला बसलो. शेवटून सुरुवात केली, कारण क्रिओल उत्सवाच्या आठवड्यात ग्रँड बेला जागा मिळणं कठीण. तिथं दोन खाटा मिळाल्या. ला प्लेनला मिळाल्या, वर दहा मिनिटं यजमानांचा गुडघाही ऐकावा लागला. मग कासल ब्रूसला मा फ्लोरेस्टिनला लावला. म्हातारी ऐंशीच्या पुढची. मोजणीच्या कामावर असताना मी कितीदा तरी तिच्या घरी राहिलोय.

"मा फ्लोरेस्टिन, मी लिओपोल्ड. माहोहून."

"ओळखलं रे. काल येऊन गेलास आणि आज फोन कशाला?"

"काल मी घरी होतो, मा."

"हो का? मग सकाळपासून पुलाच्या कठड्यावर बसला होता तो कोण? केवढा सुकलायस! आणि चपला कुठे टाकल्यास या वयात? मी फाटकाशी येऊन म्हटलं, आत ये, कणकेचे गरम बेक्स तळलेत. तर म्हणालास, नको."

"मी म्हणालो?"

"नाहीतर काय मी? वर मलाच विचारलंस, 'ते दोघं पुढे गेले का?' मी म्हटलं, कोण दोघं? बोलला नाहीस. उत्तरेच्या रस्त्याकडे बघत बसलास. मग उठून त्याच रस्त्याने गेलास, लंगडत. पायाला काय करून घेतलंस बाळा?"

पायाला काहीच झालेलं नव्हतं. तरी मी खाली वाकून पाहिलं.

२

म्हातारीला भ्रम झाला, हे पहिलं उत्तर. ते दुपारपर्यंत टिकलं.

दुपारी दुसरं उत्तर सुचलं आणि ते जास्त वाईट होतं. भ्रम मलाच झाला असेल तर? माझे वडील शेवटच्या वर्षात रोज सकाळी कपडे करून बंद पडलेल्या साखर कारखान्यात कामाला जायचे. मी चपला उलट्या करून पाहिल्या. तळ कोरडे होते. बसचं तिकीट सापडतं का म्हणून खिसे उलटे केले. मग शेजारच्या व्हर्नाकडे गेलो. ती पाव भाजते आणि अख्ख्या गल्लीची हजेरी ठेवते.

"व्हर्ना, काल मी घरी होतो का?"

"हे आता मी सांगू?" ती पिठाचे हात कमरेवर ठेवून म्हणाली. "सकाळी सातला पाव शिळा म्हणून मला बोललात. दहाला प्रार्थनेला माझ्या पुढच्या बाकावर होतात आणि प्रवचनात घोरलात. दुपारी व्हरांड्यात बसून कागदावर पट्टी फिरवत होतात. आणखी काय हवंय, शिक्का मारून देऊ?"

"पाव शिळाच होता," मी म्हणालो आणि घरी आलो. बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण आता एकच उत्तर उरलं होतं आणि ते मला पहिल्यापासून माहीत होतं.

मला एक जुळा भाऊ होता. लुसियन. तोंडावळा असा सारखा की मास्तर आम्हाला पायावरून ओळखायचे. त्याचा डावा पाय लहानपणी तापात वाळला होता. तो चालायचा तेव्हा एक पाऊल पडायचं आणि दुसरं घासत यायचं.

३

हे मी कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून एकदाच आणि सरळ सांगतो.

आम्ही सतरा वर्षांचे होतो, ओझेलिया पंधराची. शाळेला सुट्टी लागली होती. बेटाभोवती सात दिवसांत फिरायचं, जमेल तिथे ट्रकवर आणि नाही तिथे पायी, असा बेत मी आखला. पहिलाच माझा बेत. मुक्कामाची घरं ठरली, आईने होकार दिला. कागदावर तिघांची नावं होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी बोटांवर मैल मोजले आणि माझ्या लक्षात आलं की लुसियनबरोबर सात दिवसांचे बारा होतील.

पहाटे मी त्याला हलवून उठवलं आणि कानात सांगितलं, "आपण गंमत करू. आम्ही उत्तरेने जातो, तू दक्षिणेने जा. कासल ब्रूसच्या पुलावर भेटू, बरोबर अर्ध्या वाटेवर. आईला कळू देऊ नकोस, मागच्या दाराने जा." तो खूश झाला. मी त्याच्यावर एवढं सोपवलं म्हणून खूश झाला. मला वाटलं होतं, दोन मैलांत दमेल आणि घरी येऊन झोपेल.

चौथ्या दिवशी आम्ही कासल ब्रूसला पोचलो. तो पुलावर नव्हता. अर्धा दिवस थांबून आम्ही पुढे दक्षिणेला निघालो; वाटेत तो भेटला नाही आणि मी कुणाला विचारलंही नाही. आठव्या दिवशी घरी आलो तेव्हा आई दारात उभी होती. तिला वाटत होतं तो आमच्याबरोबर आहे.

मी म्हणालो, "आम्ही निघालो तेव्हा तो इथे झोपला होता."

म्हणून माणसं घरामागच्या नदीत शोधत राहिली. बारा दिवस होड्या आमच्याच गावासमोरच्या समुद्रात जाळी ओढत होत्या. दक्षिणेला, जिथे तो खरोखर गेला होता, तिथे कुणीच विचारायला गेलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं ते झालं. फक्त कळसा कुठे आहे हे मला माहीत होतं. पुढे काही महिन्यांनी बाजारात दक्षिणेकडच्या देलीस गावची एक बाई म्हणाली, सुट्टीत एक लंगडा मुलगा दारावरून गेला, त्याला मी पाणी दिलं. ते माझ्यासमोर बोलली. मी घरी सांगितलं नाही.

आमच्याकडे सर्व संतांच्या संध्याकाळी प्रत्येक थडग्यावर मेणबत्त्या लावतात. समुद्रात गेलेल्यांसाठी, परदेशात पुरलेल्यांसाठी स्मशानातल्या मोठ्या क्रुसाच्या पायाशी लावतात. आईने लुसियनसाठी कधी लावू दिली नाही. म्हणायची, "मेणबत्ती संपलेल्यांची. तो वाटेवर आहे." मरेपर्यंत हेच म्हणत राहिली.

तो जिवंत असेल, असं मला त्या सोमवारी पहिल्यांदा वाटलं. आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. तो मेलेला असण्यापेक्षा जिवंत असण्याची जास्त भीती वाटली, कारण जिवंत माणूस बोलतो आणि ओझेलिया शुक्रवारी येणार होती. उरलेल्या उजेडात तिला बेट बघायचं होतं. तिच्या डोळ्यांसमोर मला तिचा थोरला भाऊ म्हणूनच राहायचं होतं, आणखी थोडे दिवस.

४

तिसऱ्या, कालिनागो वस्तीतल्या मुक्कामाला मी फोन केलाच नाही. निरोप टाकला. खाटा आहेत असं उत्तर आलं, त्याच्याखाली आणखी काही लिहिलं होतं, ते मी वाचलं नाही.

बुधवारी फोन आला तो कॅलिबिशीहून, क्लोव्हिसचा. क्लोव्हिस माझ्या चुलतभावाचा मुलगा, टॅक्सी चालवतो. शुक्रवारी ओझेलियाला विमानतळावरून तोच आणणार होता.

"काका, तब्येत बरी आहे ना?" त्याच्या आवाजात हसू दाबलेलं होतं.

"का?"

"नाही, भर उन्हात अनवाणी रपेट करताय म्हणून विचारलं. मी गाडी थांबवली, दार उघडलं. म्हटलं बसा, घरी सोडतो. तुम्ही माझ्याकडे अनोळखी माणसासारखं बघितलंत."

"क्लोव्हिस, नीट आठव. केस कसे होते?"

"तुमचे केस? पांढरे. आणखी कसे असणार, निळे?" आता तो हसत नव्हता. "काका, काय झालंय?"

"काही बोललो का मी?"

"विचारलंत, 'ते दोघं पुढे गेले का?' मला वाटलं माझ्या पोरांबद्दल विचारताय. शाळेतून तीच दोघं नुकती पुढे गेली होती. मी म्हटलं, हो, आत्ताच गेले. त्यावर तुम्ही..." तो थांबला.

"त्यावर मी काय?"

"तुम्हाला इतका आनंद झाला, काका. मोठ्या माणसाला एवढा आनंद झालेला मी बघितला नाही. लगेच चालायला लागलात. भराभर. पोर्ट्समथच्या रस्त्याने."

मी फोन ठेवला. भिंतीवर माझ्याच हातचा बेटाचा नकाशा आहे. त्यावर बोट ठेवून मी मोजलं. रविवारी कासल ब्रूस, बुधवारी कॅलिबिशी. म्हणजे गुरुवारी पोर्ट्समथ. शुक्रवारी माहो. चौतीस वर्षांत माझा हिशेब क्वचितच चुकला होता.

एवढी वर्षं तो पुलावर बसून होता की काय, हा विचार मी मनात येऊ दिला नाही. आला तो आलाच.

५

गुरुवारी सकाळी मी स्मशानात गेलो. ऊन छान पडलं होतं. सण नऊ दिवसांवर आला होता, त्यामुळे बाया थडग्यांवरचं गवत काढत होत्या आणि दोन माणसं चुन्याचे हात देत होती. मला बघून त्यांनी माना हलवल्या. सगळे आईच्या थडग्याकडे बोट दाखवू लागले, तिथलं गवत काढून झालं हे सांगायला. मी आभार मानले आणि पुढे मोठ्या क्रुसाशी गेलो.

खिशात एक मेणबत्ती होती. सणाआधी कुणी लावत नाही. घाईने लावली तर ती कुणाला पोचत नाही म्हणतात. पण माझ्याकडे नऊ दिवस नव्हते. मी ती पेटवली, मेण टाकून क्रुसाच्या पायाशी चिकटवली आणि त्याचं पूर्ण नाव घेतलं: लुसियन इग्नेशस जॉन-बॅप्टिस्ट. म्हणालो, "आता बस कर. तू संपलास. आराम कर."

माझा आवाज मला गोड वाटला. त्याला उठवलं त्या पहाटेही तो असाच गोड झाला होता.

वारा नव्हता. ज्योत सरळ उभी होती. मी पंधरा मिनिटं थांबलो, अर्धी जळाली तेव्हा निघालो. फाटकातून वळून पाहिलं. तिथे मेणाचा गोल डाग होता आणि मेणबत्ती नव्हती. एखादीने गवत काढताना उचलली असेल. बाया क्रुसापासून बऱ्याच लांब होत्या, हेही मी पाहिलं.

घरी येऊन कोको चहा केला. नीरफणस भाजला. दोन घास बरे लागले. मग पाहुणीची खोली आवरली, चादरी बदलल्या, पंख्याची धूळ पुसली. चार वाजता पोर्ट्समथहून अर्डीनचा फोन आला. अर्डीन माझ्याबरोबर शाळेत होती, आता समुद्राकाठी चार खोल्या चालवते. पहिला मुक्काम तिच्याकडे.

"लिओपोल्ड, तुला वेड लागलंय का?" तिने विचारलं. "भरदिवसा पेटती मेणबत्ती घेऊन रस्त्याने फिरतोस?"

मी खिसा चाचपला, आत नुसती काडेपेटी होती.

"हाताचा आडोसा करून, असा जपून जपून चालला होतास. वारा केवढा सुटलाय इकडे, तरी विझली नाही. मी हाक मारली तर थांबलास. मी म्हटलं, अरे कुणासाठी ती? तर म्हणालास, 'माहीत नाही. मला दिली.'"

"अर्डीन, माझा एक पाय..."

"तेच सांगतेय. मी पायाकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही." आमच्या वर्गात लुसियनशेजारी तीच बसायची. "परवासाठी मी तुमच्या खाटा तयार ठेवते. किती ठेवू ते तू सांग."

मी सांगितलं नाही.

६

शुक्रवारी दुपारी दोनला क्लोव्हिसची गाडी आली. ओझेलिया उतरली ती हात पुढे करून, हवा चाचपत. केवढीशी झाली होती. मी तिला धरलं तेव्हा तिने आधी माझा चेहरा दोन्ही तळव्यांत घेतला आणि मग रडली. मीही रडलो. क्लोव्हिस सामान उतरवताना सारखा माझ्या पायांकडे बघत होता. चहा नको म्हणाला आणि लगेच गेला.

आम्ही व्हरांड्यात बसलो. तिघं बसतील असं टेबल, वेताच्या तीन खुर्च्या. रस्ता समोरच, मध्ये फाटक आणि चार पायऱ्या. समुद्र तिला दिसत नव्हता, पण त्याच्याकडे तोंड करून बसली.

"वाच," ती म्हणाली. "सगळा बेत वाचून दाखव. किती वाजता निघायचं, कुठे जेवायचं, सगळं."

मी कागद टेबलावर पसरला, कोपऱ्यावर पट्टी ठेवली. पहिली ओळ वाचली. दुसरी वाचायला घेतली आणि रस्त्यावरून आवाज आला. एक पाऊल पडलं. दुसरं घासत आलं.

अजून लांब होता. वळणावर असेल. गल्लीतला कुत्रा एरवी कावळ्यावरही भुंकतो, तो उठून व्हर्नाच्या घरामागे निघून गेला. साडेतीन वाजले होते. ऊन पडलेलं, समोरच्या दोरीवर कुणाचे तरी कपडे वाळत होते. अशा वेळी काही होत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. कुणीतरी लंगडा माणूस असेल. जगात लंगडी माणसं पुष्कळ आहेत.

"थांबलास का?" ओझेलियाने विचारलं.

"तुला एक सांगायचंय." तो पोचायच्या आत माझ्या तोंडून तिला कळलं पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. "त्या दिवशी पहाटे लुसियन झोपलेला नव्हता. मी त्याला उठवलं. मी त्याला सांगितलं..."

"दक्षिणेने जा. पुलावर भेटू."

वाक्य ओझेलियाने पुरं केलं.

"मी जागी होते, लिओ," ती म्हणाली. "एकाच खोलीत तर झोपायचो आपण. तू कानात बोललास, पण तुझं कुजबुजणं भिंतीपलीकडे जायचं. मी पांघरुणात पडून सगळं ऐकलं. मलाही लवकर पोचायचं होतं. मलाही तो नको होता."

"तू कधी बोलली नाहीस."

"कासल ब्रूसला तू अख्खी दुपार दक्षिणेच्या रस्त्याकडे बघत बसलास. मी तुझ्याकडे बघत होते. तू बोलशील म्हणून थांबले. मग आईसमोर तू ते बोललास आणि मी मान डोलावली. माणसं नदीत उतरली. मी काठावर उभी राहून बघितलं. माझ्याने इथे राहवेना म्हणून गेले मी, कळलं? थंडीत मरायची हौस नव्हती मला." तिने डोळे पुसले. "डॉक्टर म्हणतो आजार आहे. म्हणू दे."

घासटणं फाटकाशी येऊन थांबलं.

माझं फाटक टेबलापासून वीस फुटांवर आहे. मला फक्त मान वर करायची होती. मी कागदाकडे बघत राहिलो. आखलेल्या रेषा, माझं अक्षर.

"कुणी आहे का घरात?"

आवाज माझा होता. थोडा दमलेला, पण माझाच. आमच्याकडे पहिल्या हाकेला ओ देत नाहीत, दुसरीलाही नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारतो. मी ओझेलियाचं मनगट घट्ट धरलं.

"कुणी आहे का?"

व्हर्नाच्या भट्टीचं झाकण पडल्याचा आवाज आला. मग सगळं शांत झालं. शांत इतकं, की मेण ठिबकल्याचा आवाज ऐकू यावा. मी मनात मोजत होतो. दहापर्यंत आलो, वीसपर्यंत आलो. वाटलं, गेला. खरंच वाटलं, आणि एवढं हलकं वाटलं की त्याची लाज आजही वाटते.

"ते दोघं..." फाटकाकडून आवाज आला. पुढचं बोलायला त्याला दम पुरला नाही.

ओझेलियाने माझे हात बाजूला केले. "आम्ही इथेच आहोत," ती मोठ्याने म्हणाली. "पुढे गेलो नाही. आत ये."

कडी वाजली. पहिली पायरी. घासटणं. दुसरी. घासटणं. मी दोन्ही हात मांडीवर घेतले आणि एकमेकांत अडकवले. एरंडेलाचा वास आला. आई रोज संध्याकाळी त्याचा पाय चोळायची, त्या तेलाचा. टेबलाच्या कडेखाली एक पाऊल येऊन थांबलं. बारीक, वाळलेलं, दक्षिणेकडच्या तांबड्या मातीने माखलेलं. माझ्या शेजारच्या वेताच्या खुर्चीने कुरकुर केली आणि मग ती तशीच भरलेली राहिली.

ओझेलियाने तोंड त्या बाजूला वळवलं. तिला काय दिसलं मला माहीत नाही. धूरच दिसला असेल. तिचा चेहरा शांत होता.

"आता वाच," ती मला म्हणाली. "आम्ही ऐकतोय."

मी वाचायला लागलो. शनिवार, पोर्ट्समथ. रविवार, कॅलिबिशी. एक बोट कागदावर आलं आणि मी वाचत होतो त्या शब्दांखालून हळूहळू सरकू लागलं. नख माझ्यासारखं, सांध्यावरची गाठ माझ्यासारखी. माझे दोन्ही हात मांडीवर होते. तिसरा दिवस झाला. चौथ्या दिवसाची ओळ आली. कासल ब्रूस, मा फ्लोरेस्टिन, दोन खाटा. मी पाचवी वाचली, सहावी वाचली. बोट चौथ्या ओळीवर होतं ते तिथेच राहिलं.

ओझेलियाने चाचपत टेबलावर हात ठेवला. त्या बोटावर ठेवला.

"हे त्याला कळत नाही अजून," ती म्हणाली. "लिओ, तू सांग त्याला. पुलावर आपण त्याच्यासाठी का थांबलो नाही ते सांग."